डब्यातली भाकरी झाकणाआड का?

प्रिय विद्यार्थ्यांनो, सुजाण पालकहो आणि संस्थेचे सन्माननीय विश्वस्त,



‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपले वाडवडील सांगत आले. शाळेत आम्ही ही म्हण थोडी बदलून सांगतो : आधी पोटोबा, मग पाढे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला कोण जेवून आले आहे आणि कोण उपाशी बसले आहे, हे फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला लगेच कळते. म्हणून या अंकात आम्ही मुलांच्या डब्याबद्दल लिहिणार आहोत. विषय साधा वाटेल, पण त्यात आमची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात सहाव्या तासाला एका मुलीला भोवळ आली. तिला सावलीत निजवले, पाणी दिले, थोड्या वेळाने गूळ-शेंगदाणे दिले. सकाळी काय खाल्ले होते, असे विचारले तर म्हणाली, चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी? ती गप्प. तिचा डबा उघडून पाहिला तर दोन ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, जशीच्या तशी. शेवटी तिची मैत्रीण म्हणाली, “बाई, सगळ्या पोरी चपाती आणतात. ही भाकरी आणते म्हणून डबा उघडतच नाही.”

मुलींना हे कोणी शिकवले, असा प्रश्न आम्हाला पडला. उत्तर आमच्याच सूचना फलकावर होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पालकांसाठी एक सूचना काढली होती : ‘मुलांना डब्यात रोज चपाती-भाजी द्यावी.’ हेतू चांगला होता. मुलांनी पाकिटातले खाऊ नये, एवढेच मनात होते. पण लिहिताना ‘चपाती’ हा शब्द गेला आणि ज्या घरी रोज चूल पेटते ती भाकरीसाठी, त्या घरच्या मुलांना वाटले की आपला डबा शाळेला चालत नाही. ती सूचना आम्ही काढून टाकली आहे. हा लेख तिच्या जागी आहे असे समजावे.

आम्ही डबे पाहिले

त्यानंतर काही दिवस आम्ही व शिक्षक मधल्या सुट्टीत मुलांमध्ये बसलो. तपासणीसाठी नाही, सोबत जेवायला. घरोघरी मातीच्या चुली, पण डबे मात्र चार-पाच तऱ्हेचे दिसले.

काहींचा डबा भरलेला : चपाती किंवा भाकरी, भाजी, कधी उसळ. काहींच्या डब्यात नुसता भात, फोडणीचा किंवा चित्रान्न. काहींच्या हातात दुकानातले पाच-दहा रुपयांचे पाकीट. काही मुले झाकण अर्धेच उघडून, त्याआड भाकरीचा तुकडा मोडून पटकन तोंडात टाकणारी. आणि काही मुले जेवणाच्या वेळी नळाजवळ किंवा मैदानात. त्यांना विचारले तर एकच उत्तर, “भूक नाही.”

यात आयांना दोष देण्यासारखे काही नाही. खुरपणीच्या दिवसांत, सोयाबीन काढणीला, तुरीच्या कापणीला बाई सकाळी सात वाजता घर सोडते. काही घरांतील आई-वडील ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याकडे कामाला जातात आणि मुले आजीकडे राहतात. आजीला चुलीपुढे बसवत नाही, मग ती दहाची नोट देते. हे आम्ही जाणतो. म्हणून खाली जे सांगणार आहोत त्यासाठी वेगळा बाजार करावा लागणार नाही.

शेजारच्या शाळेच्या ताटात काय असते

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले दुपारचे जेवण द्यावे. कर्नाटकात या योजनेचे नाव ‘अक्षर दासोह’. तिची सुरुवात जून २००२ मध्ये राज्याच्या ईशान्येकडील सात जिल्ह्यांत झाली आणि त्यात आपला बीदर व तेव्हाचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, हे दोन्ही जिल्हे होते. मुले त्याला ‘बिसी ऊटा’ म्हणतात, म्हणजे गरम जेवण. ऑगस्ट २०१३ पासून ‘क्षीर भाग्य’ योजनेत दूध मिळू लागले : १८ ग्रॅम दूध भुकटीपासून केलेले १५० मिलीलीटर. डिसेंबर २०२१ मध्ये बीदर-कलबुर्गीसह काही जिल्ह्यांत उकडलेले अंडे देणे सुरू झाले आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे. पुढे ही सोय सगळ्या राज्यात झाली.

‘दासोह’ हा शब्दही आपल्याच मातीतला. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, शरणांनी तो रुजवला. स्वतःच्या श्रमाचे अन्न सर्वांसोबत वाटून खावे, हा त्याचा अर्थ. बीदर शहरात गुरुनानक झिरा साहिब येथे लंगर चालतो, तोही याच विचाराचा.

हे सगळे येथे सांगण्याचे कारण एवढेच की ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. आपली शाळा विनाअनुदानित. शेजारच्या शाळेतील मुलाला दुपारी डाळ-भात, दूध, अंडे मिळते. आपल्या मुलाला दुपारी जे मिळते ते फक्त आईने बांधून दिलेल्या डब्यातून. डबा कमी पडला तर ती उणीव भरून काढणारे दुसरे ताट आपल्याकडे नाही. पालकांनी आणि विश्वस्तांनी ही गोष्ट ध्यानात ठेवणे जरूरी आहे.

भाकरी कशात कमी आहे?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातील आकडे पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४ मिलीग्रॅम लोह असते. गव्हाच्या पिठात हे आकडे जवळजवळ तेवढेच आहेत. बाजरीत प्रथिने सुमारे ११ ग्रॅम आणि लोह ६ मिलीग्रॅमहून जास्त. पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम आणि लोह १ मिलीग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे चपातीपुढे भाकरीने मान खाली घालण्याचे कारण नाही आणि नुसत्या भातापेक्षा ती खूप पुढे आहे.

मग भाकरीला कमीपणा आला कुठून? स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ आले, शिवारात ज्वारीची जागा सोयाबीन आणि तुरीने घेतली, आणि पाहुणे आले की चपाती, सणाला पुरणपोळी अशी सवय पूर्वीपासून होतीच. हळूहळू चपाती म्हणजे सुधारलेले घर आणि भाकरी म्हणजे गरिबी असे मुलांच्या मनात बसले. इकडे आपण ती लपवत असताना शहरातील मंडळी तिला ‘मिलेट’ म्हणून चढ्या भावाने विकत घेऊ लागली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

आमचीच एक आठवण सांगतो. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून, घरापासून दूर झाले. वसतिगृहात पहिल्या महिन्यात घरून आलेली कडक भाकरी आणि तिळाची चटणी आम्ही पेटीत दडवून ठेवली होती आणि रात्री दिवा मालवल्यावर खात होतो. तिकडची मुले पुरी-सब्जी खात. एके दिवशी शेजारच्या खाटेवरील मुलाने चटणीचा वास ओळखला आणि मागून खाल्ली. पुढच्या महिन्यापासून आमची भाकरी आम्हालाच पुरेनाशी झाली! लाज आमच्या मनात होती, भाकरीत नव्हती. हे कळायला आम्हाला एक महिना लागला. ज्या मुलीने डबा उघडला नाही तिला किती महिने लागले असतील?

जोडी जमली पाहिजे

भाकरी चांगली असली तरी एकटी पुरत नाही. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. डाळीत जे कमी असते ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र खाल्ले की शरीराला पूर्ण सामग्री मिळते. भाकरी-पिठले, भाकरी-उसळ, वरण-भात या जोड्या आपल्या आजी-पणजींनी तक्ते न वाचता जमवल्या होत्या.

थोडा हिशेब करू. एका मध्यम भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते. दोन भाकरीतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत एक मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांची चटणी असेल तर आणखी ७ ग्रॅम. झाले १९ ग्रॅम. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. म्हणजे त्या न उघडलेल्या डब्यात दिवसाच्या गरजेचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा होता. त्या दिवशी तो तसाच घरी परत गेला असता.

तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि आपण तर तुरीच्या माहेरात राहतो. ‘गुलबर्गा तूरडाळ’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिळात चुना, म्हणजे कॅल्शियम, नाचणीपेक्षाही कितीतरी जास्त असते. जवस, कारळे, हुलगे, मटकी हे सगळे आपल्या घरात किंवा गावच्या बाजारात असते.

लोह, लिंबू आणि चहा

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, म्हणजे दर पाचांत जवळजवळ तीन. धाप लागणे, डोके दुखणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. पुष्कळदा अशा मुलीला घरी ‘आळशी’ म्हटले जाते.

आता एक शंका कोणी काढील : ज्वारी-बाजरीत लोह आहे, आपण ती खातो, तरी रक्त कमी का? कारण धान्यात आणि डाळीत फायटेट नावाचा घटक असतो. तो लोह धरून ठेवतो आणि शरीराला सहजी घेऊ देत नाही. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. पहिला, जेवणासोबत ‘क’ जीवनसत्त्व : लिंबाची फोड, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो. त्याने लोह अंगी लागते. दुसरा, मोड आणणे आणि आंबवणे. मोडाच्या मटकीत आणि आंबिलीत फायटेट कमी होते. तिसरा, जेवणाला चहा न जोडणे. चहातील टॅनिन लोहाला अडवते. जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा नको. चहा-बिस्किटावर शाळेत येणाऱ्या मुलाला त्याऐवजी रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून दिली तर बरे.

एवढे करूनही मूल फिकट दिसत असेल, सारखे थकत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. तेथे डब्याने भागणार नाही, औषध लागते.

आठवड्याचा डबा

पालकांनी विचारले, नेमके काय द्यावे? हा एक नमुना. सवडीप्रमाणे बदलावा.

सोमवार : ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबाची फोड.
मंगळवार : मोडाच्या मटकीची उसळ, भाकरी किंवा चपाती.
बुधवार : घट्ट पिठले किंवा झुणका, भाकरी, काकडी.
गुरुवार : धपाटे आणि जवसाची चटणी.
शुक्रवार : मेथीची किंवा अंबाडीची, आपल्याकडे जिला पुंडी म्हणतात ती, डाळ घालून केलेली भाजी आणि भाकरी.
शनिवार : सकाळची शाळा. शेंगदाणे व फुटाण्याचे डाळे घालून सुशीला, सोबत पेरू किंवा केळे.

ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेले अंडे द्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी दूध, दही, डाळ, शेंगदाणे वाढवावेत. कोणाच्या डब्यात काय आहे यावरून कोणी कोणाला बोलणे शाळेत चालणार नाही.

सकाळी वेळच नसतो अशा घरांसाठी : आठवड्याची चटणी रविवारी कुटून ठेवावी. आपल्याकडची कडक भाकरी अनेक दिवस टिकते. कडक भाकरी, चटणी आणि एक फळ एवढा डबा दहा-बारा वर्षांचे मूल स्वतः भरू शकते. मुलांनो, हे तुमचे काम समजा.

डबा बांधताना

भात किंवा भाजी वाफ जाऊ देऊन मगच झाकण लावावे. शिजवलेला भात उन्हाळ्यात सकाळपासून दुपारपर्यंत बंद डब्यात राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि मुलांना उलट्या होतात. मार्च-एप्रिलमध्ये भातापेक्षा भाकरी बरी. रात्रीचा उरलेला भात डब्यात देऊ नये. गरम पदार्थ हलक्या प्लास्टिकच्या डब्यात न भरता स्टीलच्या डब्यात भरावा. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ते टाळण्यास बजावले आहे. स्वच्छ धुतलेले सुती फडके उत्तम.

पाकिटाबद्दल थोडे. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात मीठ, तेल आणि मैदा किंवा मक्याचे पीठ जास्त, बाकी फारसे काही नसते. तेवढ्याच पैशात शेंगदाणे किंवा फुटाणे येतात. २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मुलांनो, कधीतरी जत्रेत खाल्ले तर आम्ही रागावणार नाही. जेवणाच्या जागी ते नको, एवढेच.

शाळेचे काम

सगळे पालकांवर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही. आतापर्यंत आम्ही तीन गोष्टी केल्या. मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली, कारण घाईत मूल हात न धुता खाते किंवा अर्धा डबा परत नेते. शिक्षक मुलांच्या पंगतीत बसून जेवतात. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी चिक्की किंवा फळ आणावे, असे ठरले.

विश्वस्त मंडळापुढे दोन विनंत्या आहेत. एक, जेवणासाठी सावलीची जागा आणि हात धुण्यासाठी आणखी नळ. दोन, कार्यालयात शेंगदाणे, गूळ, फुटाणे यांचा एक मोठा डबा कायम भरलेला असावा. ज्याचा डबा आला नाही त्याला वर्गशिक्षकांनी कोणाला न सांगता त्यातून द्यावे. खर्च फार नाही. “भूक नाही” म्हणणारी मुले कोण आहेत हे आता आम्हाला माहीत आहे आणि माहीत असून गप्प बसणे बरे नव्हे.

शेवटी, काला

येळवशीच्या दिवशी आपण काय करतो ते आठवा. शेतात कडब्याची कोपी करतो, आंबील, भज्जी, उंडे, भाकरी डोक्यावर घेऊन जातो आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतो. हैदराबाद-पुण्याहून नोकरदार मंडळी त्या जेवणासाठी गावी येतात. त्या दिवशी बाजरीच्या उंड्याची कोणाला लाज वाटत नाही. मग तीच शिदोरी दुसऱ्या दिवशी शाळेत आली की मान खाली का जावी?

गोपाळकाल्याची गोष्ट तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी जे होते ते त्याने आणले, कोणाचे दही, कोणाचे पोहे, कोणाची शिळी भाकरी. सगळे एकत्र कालवले आणि सगळ्यांनी खाल्ले. म्हणून ठरवले आहे की दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक वर्गात काला होईल. घरी जे रोज होते तेच आणायचे, खास काही करायचे नाही.

भोवळ आलेल्या त्या मुलीचे रक्त तपासले. ते कमी होते आणि औषध चालू आहे. आता ती मैत्रिणींमध्ये बसून डबा पूर्ण उघडून जेवते. परवा आम्ही तिच्या पंगतीत बसलो तेव्हा तिने जवसाची चटणी आमच्यापुढे केली. आम्ही दोनदा मागून घेतली.

पालकहो, उद्या सकाळी जे घरात शिजेल तेच निःसंकोच डब्यात घाला. झाकण उघडण्याची जबाबदारी आमची.

आपले,
मुख्याध्यापक